वर्ष मोजायचे ते गोठ्यात

वर्ष सरत आले की शास्त्रीय नियतकालिकांचे संपादक वर्षाचा आढावा लिहितात. पशुवैद्यक शास्त्राची नियतकालिकेही लिहितात. किती लेख आले, किती स्वीकारले, किती परत गेले, परीक्षकांचे मत यायला सरासरी किती दिवस लागले, ‘इम्पॅक्ट फॅक्टर’ किती दशांशाने चढला, संपादक मंडळावर किती देशांचे सभासद आले, असा तो मजकूर असतो. शेवटी परीक्षकांचे आभार आणि पुढच्या वर्षाचे संकल्प. हे सगळे लिहायलाच हवे. दिवसभराची नोकरी करून, रात्री जागून, एक पैसा न घेता दुसऱ्याचा लेख तपासणाऱ्या परीक्षकाचे आभार तर पहिल्याच पानावर मानावेत. पण जनावरांच्या वैद्यकाला वाहिलेल्या नियतकालिकाने आणखी एका प्रश्नाचे उत्तर द्यायला हवे आणि नेमका तोच प्रश्न या आढाव्यांत सहसा सापडत नाही. आपण छापलेल्यातले या वर्षी गोठ्यापर्यंत काय पोचले, आणि गोठ्यातले आपल्यापर्यंत काय आले?

२०१९ च्या विसाव्या पशुगणनेप्रमाणे देशात गायी-बैल १९ कोटींच्या वर आणि म्हशी ११ कोटींच्या आसपास आहेत. एकट्या महाराष्ट्राचे पशुधन ३ कोटी ३० लाखांच्या घरात जाते. त्यातली बहुतेक जनावरे दोन-चार दावणींच्या गोठ्यांत, अंगणात, वाड्यावस्त्यांवर आहेत. दुभती म्हैस गेली तर त्या घराचा महिन्याचा हिशेब कोलमडतो आणि अडीनडीला विकायची शेळी पी.पी.आर. रोगाने मेली तर सावकाराचे दार गाठावे लागते. ही माणसे कुठलेही शास्त्रीय नियतकालिक वाचणार नाहीत. त्यांच्या वतीने वाचणारा एकच माणूस असतो, तो म्हणजे त्यांचा डॉक्टर. म्हणून नियतकालिकाचा खरा वाचक तालुक्याच्या दवाखान्यात बसलेला आहे, हे संपादकाने विसरता कामा नये.

या शास्त्राच्या नियतकालिकांची सुरुवात अशाच डॉक्टरांसाठी आणि अशाच डॉक्टरांच्या लेखणीतून झाली. इंग्लंडमध्ये विल्यम हंटिंग यांनी १८८८ साली ‘व्हेटरनरी रेकॉर्ड’ हे साप्ताहिक काढले ते रोजचा व्यवसाय करणाऱ्या पशुवैद्यांना आपले अनुभव एकमेकांना सांगता यावेत म्हणून. आपल्याकडे मद्रासहून जुलै १९२४ मध्ये ‘इंडियन व्हेटरनरी जर्नल’ सुरू झाले. पी. श्रीनिवास राव हे त्याचे संस्थापक-संपादक. २०२४ मध्ये त्याची शंभर वर्षे पुरी झाली. आपल्या देशात शास्त्रीय नियतकालिक शंभर वर्षे तगते ही साधी गोष्ट नाही. मराठी वर्तमानपत्रांनी तिची घ्यावी तेवढी दखल घेतली नाही, याचे वाईट वाटते.

त्याही मागे जावे लागेल, कारण तिथे या विषयाचा गाभा आहे. १८८० साली ग्रिफिथ इव्हान्स नावाचे लष्करी पशुवैद्य वायव्य सरहद्दीवर डेरा इस्माईल खान इथे घोडे आणि उंट तपासत होते. जनावराला ताप यायचा, उतरायचा, पुन्हा यायचा. खाणे चालू असूनही ते खंगत जायचे, पायांवर आणि पोटाखाली सूज चढायची, डोळ्यांच्या आतली त्वचा पांढरी पडायची आणि शेवटी ते मरायचे. तिथले लोक या रोगाला ‘सर्रा’ म्हणत. इव्हान्स यांनी आजारी जनावराच्या रक्ताचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, तेव्हा तांबड्या पेशींना ढकलत वळवळणारे जंतू त्यांना दिसले. हेच रोगाचे कारण, असे त्यांनी लिहून कळवले. वरिष्ठांना ते पटले नाही. कलकत्त्यात टिमथी लुईस यांना धडधाकट उंदरांच्या रक्तात तशाच प्रकारचे जंतू थोड्याच वर्षांपूर्वी दिसले होते. ज्या जंतूंनी उंदराला काही होत नाही त्यांनी घोडा कसा मरेल, असा त्या काळचा समज होता. पण लंडनच्या ‘व्हेटरनरी जर्नल’ने इव्हान्स यांचा लेख १८८१ मध्ये छापला. सरहद्दीवरच्या एका ठाण्यात, एका साथीत, एका डॉक्टरने डोळ्यांनी पाहिलेली गोष्ट वर्षभराच्या आत जगापुढे आली. रोग पाडणारा ट्रिपॅनोसोम जगाने पाहिला तो असा, पहिल्यांदा. आफ्रिकेतल्या जनावरांच्या नगाना रोगाचा आणि माणसांच्या निद्रारोगाचा जंतू त्यानंतर सापडला.

या कथेचा दुसरा भाग आपल्या मुंबईशी जोडलेला आहे. १८८५ मध्ये ब्रह्मदेशात लष्कराची ओझ्याची खेचरे अशाच रोगाने मरू लागली. त्याचा तपास जॉन हेन्री स्टील यांच्याकडे आला. त्यांनाही रक्तात तेच जंतू दिसले. ते कोणत्या वर्गातले, हे ठरवताना त्यांची चूक झाली. पण जंतूला त्यांनी इव्हान्स यांचे नाव दिले आणि ते आजवर टिकले आहे. हेच स्टील पुढच्या वर्षी, १८८६ मध्ये, परळच्या मुंबई पशुवैद्यक महाविद्यालयाचे पहिले प्राचार्य झाले. भारतात आल्यावर त्यांनी फ्रेडरिक स्मिथ या सहकाऱ्याबरोबर पशुवैद्यकाचे एक त्रैमासिकही काढले होते. बैल, मेंढी, कुत्रा, उंट, हत्ती या सगळ्यांच्या रोगांवर त्यांनी पुस्तके लिहिली आणि १८९१ मध्ये मुंबईतच ते वारले. या देशात पशुवैद्यकाचे शिक्षण रुजत होते त्याच सुमारास त्याचे नियतकालिकही निघाले आणि दोन्हींमागे माणूस एकच होता, हे परळला, नागपूरला, परभणीला, उदगीरला आणि शिरवळला शिकणाऱ्या मुलांना सांगायला हवे. इव्हान्स मात्र पुरती शंभर वर्षे जगले. १९३५ साली वारले. आपले म्हणणे खरे ठरलेले त्यांनी डोळ्यांनी पाहिले.

आता असा विचार करा. आजच्या काळात तालुक्याच्या एखाद्या डॉक्टरने एका साथीतले आपले निरीक्षण लिहून पाठवले तर त्याचे काय होते? बहुधा ते परीक्षकांकडे जातच नाही. ‘आम्ही केस रिपोर्ट घेत नाही’ असे उत्तर येते. कारण सरळ आहे. एका जनावराची, एका कळपाची हकिगत इतर संशोधक आपल्या लेखात फारशी उद्धृत करत नाहीत. उद्धृते कमी झाली की इम्पॅक्ट फॅक्टर घसरतो आणि तो घसरला की चांगले लेख दुसरीकडे जातात. व्यावसायिकांसाठी निघालेल्या ‘व्हेटरनरी रेकॉर्ड’नेही २०१३ मध्ये केस रिपोर्टसाठी वेगळे नियतकालिक काढले. त्यांनी निदान जागा तरी दिली. पुष्कळांनी तीही दिलेली नाही. माझ्या मते गेल्या काही वर्षांत पशुवैद्यक नियतकालिकांनी केलेली ही सर्वांत मोठी हानी आहे, आणि ती प्रगतीच्या आकड्यांत दिसत नाही. उलट त्या आकड्यांना तिचा फायदाच होतो.

दवाखान्यात रोज काय घडते ते जरा जवळून पाहू. सकाळी खोड्यापाशी जनावरे येऊन थांबतात. डॉक्टर पहिल्यांदा मालकाला विचारतात, कधीपासून खात नाही? रवंथ करते का? कितवे वेत? दूध किती देत होती आणि आता किती? शेण कसे आहे? गाभण आहे का, किती महिन्यांची? मग थर्मामीटर, कान गार की गरम, डोळ्यांचा आणि हिरड्यांचा रंग, खांद्यापुढची गाठ, कासेच्या चारही सडांतून एकेक पिळा तळहातावर. या दहा मिनिटांत जे कळते त्यातले नोंदवहीत उतरते ते एका ओळीत. तारीख, मालक, गाव, गाय, ‘ताप, चारा बंद’, दिलेले इंजेक्शन. पुढे ती गाय बरी झाली की मेली, हे बहुतेकदा लिहिलेले नसते. अशा हजारो ओळी राज्यभरातल्या वह्यांत पडून आहेत. देवणी आणि लाल कंधारी या देशी गाई गोचीड-तापाला कशा तोंड देतात, आणि त्याच गावातली संकरित जर्सी किंवा एच.एफ. का लवकर कोसळते, याचे उत्तर शोधायचे तर वाट या वह्यांतून जाते. पण ती ओळ नीट लिहिलेली, शेवटापर्यंत पाठपुरावा केलेली दोन पानांची हकिगत झाली तर ती छापायला कोणी तरी हवे. छापणार कोणी नसेल तर लिहायचे कशासाठी, असे डॉक्टरने म्हटले तर त्याला काय उत्तर देणार?

शेतातून आलेली बारीकशी नोंद वेळेवर न छापल्याची किंमत किती मोठी असू शकते, हे गिधाडांनी दाखवून दिले. भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात गिधाडे झपाट्याने नाहीशी होत आहेत, हे विभू प्रकाश यांनी १९९९ मध्ये मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात मांडले. कारण कळायला आणखी पाच वर्षे लागली. लिंडसे ओक्स आणि सहकाऱ्यांनी पाकिस्तानातल्या मेलेल्या गिधाडांचे शवविच्छेदन केले. आतल्या अवयवांवर खडूसारखा पांढरा थर बसलेला होता. मूत्रपिंडे निकामी झाल्याने युरिक आम्ल साचून झालेला हा प्रकार. हे घडत होते जनावरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅक या वेदनाशामकामुळे. औषध दिलेले जनावर मेले की ते गावाबाहेर टाकायचे, गिधाडांनी ते खायचे आणि काही दिवसांत स्वतः मरायचे. हा शोध २००४ मध्ये ‘नेचर’मध्ये आला. दोन वर्षांत मेलॉक्सिकॅम हे औषध गिधाडांना सुरक्षित असल्याचेही सिद्ध झाले आणि २००६ मध्ये भारत सरकारने जनावरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर बंदी आणली. माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या जनावरांना टोचल्या जात होत्या, त्यांना २०१५ मध्ये आळा बसला. केटोप्रोफेन आणि असेक्लोफेनॅकची जनावरांसाठीची बंदी यायला २०२३ उजाडले.

या साखळीत एक गोष्ट मला फार खटकते. डायक्लोफेनॅक होते पशुवैद्याच्या पेटीत. इंजेक्शन देणारा हात पशुवैद्याचा, मेलेले जनावर त्याच्याच गावाबाहेर पडलेले. ओक्स स्वतःही पशुवैद्य होते. तरीही ही बातमी जगाला कळली ती निसर्ग-अभ्यासाच्या आणि सर्वसाधारण विज्ञानाच्या नियतकालिकांतून. आमच्या औषधाचा परिणाम आमच्या रुग्णाच्या पलीकडे कुठवर जातो, हे विचारण्याची सवय आमच्या नियतकालिकांना नव्हती. आता ‘वन हेल्थ’ हा शब्द प्रत्येक अंकात दिसतो. माणूस, जनावर आणि परिसर यांचे आरोग्य एकच, हा विचार बरोबर आहे आणि तो कृतीत आणायची जागा म्हणजे प्रत्येक औषध-चाचणीच्या लेखातला एक परिच्छेद. हे औषध दुधात किती दिवस उतरते, शेणातून कुठे जाते, जनावर मेले तर ते खाणाऱ्याचे काय होते? ज्या लेखात हा परिच्छेद नाही तो संपादकाने परत पाठवावा.

अलीकडचे उदाहरण लम्पीचे. आफ्रिकेत १९२९ पासून ठाऊक असलेला हा चर्मरोग भारतात पहिल्यांदा ओडिशात, २०१९ मध्ये आढळला. त्याचा लेख पुढच्या वर्षी प्रसिद्ध झाला. पाच जिल्ह्यांतली २,५३९ जनावरे, त्यांतली १८२ बाधित, मृत्यू एकही नाही. हे काम उत्तम होते. पण २०२२ मध्ये चित्र पालटले. गुजरात-राजस्थानात रोग पसरला, ऑगस्टमध्ये जळगाव जिल्ह्यात शिरला आणि बघता बघता राज्यभर गेला. देशात लाखाहून अधिक जनावरे दगावली. विषाणूची जनुकीय तपासणी झाली तेव्हा तो २०१९ च्या विषाणूपेक्षा वेगळा निघाला.

त्या पावसाळ्यात गावोगाव तीन प्रश्न विचारले जात होते. शेळीच्या देवीची लस गाईला कशी चालते? गाभण गाईला टोचली तर गाभ पडेल का? लम्पी झालेल्या गाईचे दूध प्यायचे की नाही? पहिल्या प्रश्नाचे उत्तर शास्त्रात स्पष्ट आहे. शेळ्यांच्या देवीचा, मेंढ्यांच्या देवीचा आणि लम्पीचा हे तिन्ही विषाणू एकाच कुळातले असल्याने एकाची लस दुसऱ्यापासून बऱ्याच प्रमाणात संरक्षण देते. तिसऱ्याचेही स्पष्ट आहे. हा रोग माणसाला होत नाही. दूध उकळून प्यावे. तरी दुधाबद्दल अफवा उठली आणि दूध उत्पादकाला तिचा फटका बसला. दुसऱ्या प्रश्नाला मात्र डॉक्टर आपापल्या अनुभवाने उत्तर देत होते. तो अनुभव कुणी गोळा केला असता, छापला असता, तर पुढच्या तालुक्याच्या डॉक्टरला अंधारात चाचपडावे लागले नसते. साथीच्या काळात परीक्षकांचे मत किती दिवसांत आले या आकड्याला खरा अर्थ येतो. एरवी तो नियतकालिकाच्या सोयीचा आकडा असतो. साथीत त्याच्यावर गाई वाचतात.

इथे संशोधकांची बाजूही सांगितली पाहिजे, कारण सगळा दोष संपादकांच्या माथी मारणे न्यायाचे होणार नाही. आपल्याकडे कृषी आणि पशुवैद्यक विद्यापीठांत नेमणूक आणि बढती होताना लेख कोणत्या नियतकालिकात आला आणि त्या नियतकालिकाला ‘नास’चा, म्हणजे राष्ट्रीय कृषी विज्ञान अकादमीचा, गुणांक किती, याला वजन असते. तरुण प्राध्यापकाला वर्षभरात असा लेख हवा असतो. मग सहा-सहा जनावरांचे तीन गट, दोन महिने, एक खाद्यपूरक आणि शेवटी ‘आणखी संशोधनाची गरज आहे’ असे वाक्य, असे लेख तयार होतात. ते खोटे नसतात. पण त्यांनी कुठल्या गोठ्यात काही बदलत नाही. याच घाईवर पैसे घेऊन वाटेल ते छापणारी नियतकालिके पोसली जातात. २०२३ मध्ये जगभरात दहा हजारांहून अधिक शोधनिबंध मागे घ्यावे लागले आणि त्यांतले बहुसंख्य एकाच मोठ्या प्रकाशनसंस्थेचे होते. त्या वर्षी ज्यांनी लेखसंख्या वाढल्याचा आनंद आढाव्यात नोंदवला असेल त्यांनी ते पान पुन्हा वाचावे.

प्राण्यांवरचे प्रयोग कसे लिहावेत याचे ‘अराइव्ह’ नावाचे नियम २०१० पासून आहेत, २०२० मध्ये ते सुधारले गेले. किती जनावरे, का तितकीच, गट कसे पाडले, कोणती वगळली आणि का, हे लिहायचे. बहुतेक नियतकालिके हे नियम पाळा असे सांगतात; पाळले की नाही हे पाहणारी थोडी. माझ्या दृष्टीने एखाद्या संपादकाने वर्षअखेर असे लिहिले की ‘या वर्षी आम्ही आलेल्या प्रत्येक औषध-चाचणीत मात्रा, जनावराची जात, वय, वेत आणि दूध न वापरण्याचे दिवस लिहिले आहेत की नाही हे तपासले आणि नसलेले लेख परत पाठवले’, तर ते इम्पॅक्ट फॅक्टरच्या दोन दशांशांपेक्षा कितीतरी मोठे काम आहे. ज्या औषधाने फरक पडला नाही त्याचा लेखही त्याने तितक्याच आदराने छापावा. न चालणारे औषध कोणते हे कळल्याने शेतकऱ्याचे पैसे वाचतात.

आणि भाषा. मूळ लेख इंग्रजीत असावा, याबद्दल वाद नाही; जगाने तो वाचायला हवा. पण महाराष्ट्रातल्या जनावरांवर केलेल्या कामाचा दीडशे शब्दांचा मराठी सारांश लेखाबरोबर छापायला काय अडचण आहे? पशुधन पर्यवेक्षक, दूध संघाचे कर्मचारी, कृत्रिम रेतन करणारे तरुण, गोठा चालवणाऱ्या बाया यांना तो वाचता येईल. कासदाह, घटसर्प, फऱ्या, लाळ्या-खुरकूत, आंत्रविषार, गोचीड-ताप हे शब्द लोकांच्या तोंडी पिढ्यान् पिढ्या आहेत. नवे शब्द घडवण्याची गरजच नाही. २००० साली स्थापन झालेले नागपूरचे महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठ हे काम सहज अंगावर घेऊ शकते. पंढरपुरी म्हैस, डांगी, गवळाऊ, खिल्लार, उस्मानाबादी शेळी, दख्खनी मेंढी यांच्यावर लिहिलेला प्रत्येक शोधनिबंध मराठीत थोडक्यात उपलब्ध झाला तर त्या जाती पाळणाऱ्यांचा त्या शास्त्राशी पहिल्यांदाच परिचय होईल.

तेव्हा संपादकांना विनंती अशी. येत्या वर्षी प्रत्येक अंकात चार पाने दवाखान्यातल्या डॉक्टरांसाठी राखून ठेवा. त्या पानांसाठी लेखकाकडून शुल्क घेऊ नका आणि ती सर्वांना मोफत वाचता येऊ द्या. परीक्षक म्हणून प्राध्यापकाबरोबर किमान एक व्यवसाय करणारा पशुवैद्य नेमा. वर्षअखेरच्या आढाव्यात इतर आकड्यांच्या शेजारी एक रकाना वाढवा: कोणत्या लेखामुळे लसीची, औषधाची किंवा उपचाराची रीत कुठे बदलली. पहिल्या वर्षी तो रकाना कोरा राहिला तरी छापा.

आणि तालुक्यात काम करणाऱ्या डॉक्टरांना सांगणे एवढेच की उद्यापासून नोंदवहीच्या त्या ओळीत आणखी चार गोष्टी लिहायला लागा: जनावराची जात, वेत, औषधाची नेमकी मात्रा आणि आठवड्याने जनावराचे काय झाले ते. वेगळी साथ दिसली, नेहमीच्या औषधाला दाद न देणारा कासदाह दिसला, लसीनंतर गाभडलेली गाय दिसली, तर दोन पाने लिहा आणि पाठवा. परत आले तर दुसरीकडे पाठवा.